झाडपाला प्रयोगशाळेत जंतू रोखतो. मग घरातल्या जखमेवर त्याचा भरवसा किती धरावा?

चोपड्याचे गुरुजी

मंडळी, नमस्कार. चोपडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो. हा प्रश्न मला माझ्याच घरात पडला आहे आणि तो इथे मांडावा, असे बरेच दिवस मनात होते.

गेल्या श्रावणात निंदणी सुरू असताना माझ्या पुतण्याच्या पोटरीत विळा खोल शिरला. वहिनींनी बांधावरची कंबरमोडी, जिला काही जण दगडी पाला किंवा एकदांडी म्हणतात, तळहातावर चुरगळली, तिचा रस घावावर पिळला आणि वर चिंधी बांधली. रक्त खरोखरच काही मिनिटांत थांबले. रक्त थांबले म्हणून सगळेच निर्धास्त झाले. कोणी जखम धुतली नाही आणि धनुर्वाताची सुईही घेतली नाही. तिसऱ्या दिवशी पोटरी टरारून सुजली, ताप चढला, आणि शेवटी जखम उघडून पू काढावा लागला व आठ दिवस प्रतिजैविके द्यावी लागली. मुलगा आता ठणठणीत आहे.

दिवाळीला पुतणी घरी आली. ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. तिच्या प्रकल्पातले एक छायाचित्र तिने आम्हाला दाखवले. त्यात कंबरमोडीच्या पानांच्या अर्काभोवती चौदा मिलिमीटरचे स्वच्छ वलय होते, आणि जंतू होता स्टॅफिलोकोकस ऑरियस, म्हणजे जखमेत पू करणाऱ्या जंतूंपैकी अग्रणी. वहिनींनी ते पाहिले आणि शांतपणे विचारले, "मग माझे चुकले कुठे?"

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला प्रामाणिकपणे द्यायचे आहे. पुतण्याचा पाय सुजला हे खरे आणि प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये जंतूंची वाढ थांबली हेही खरे. वनस्पतींच्या जंतुरोधक आणि अँटिऑक्सिडंट गुणांबद्दल आपण जे रोज वाचतो, ते कसे वाचावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पांझराकाठ

गुरुजी, बाकीची चर्चा सावकाश होईल. वाचणाऱ्या प्रत्येकाने आधी एवढे लक्षात ठेवावे, की मातीशी संबंध आलेली खोल जखम असेल आणि धनुर्वाताच्या लसीची शेवटची मात्रा घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर पुन्हा मात्रा घ्यावी लागते. त्यावर काय लावले होते, याने यात काही फरक पडत नाही.

सूक्ष्मदर्शी

मी जळगावात पदवीच्या विद्यार्थ्यांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. हे वलय कसे मिळते ते आधी सांगते, कारण वहिनींच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या पद्धतीतच आहे.

आगर नावाच्या जेलीसारख्या माध्यमावर एकाच जातीचे जंतू ठरलेल्या घनतेने पसरतात. मग त्या जेलीत सहा मिलिमीटरचे खड्डे पाडून त्यांत अर्क भरतात, किंवा अर्कात भिजवलेली कागदाची चकती ठेवतात, आणि डिश रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. सकाळी जंतूंचा दुधी थर चढलेला असतो आणि अर्क जिथवर झिरपला तिथवर जेली स्वच्छ राहिलेली असते. ते स्वच्छ राहिलेले गोल म्हणजे वलय.

आता या वलयाच्या व्यासाला आपण ताकदीचे माप समजतो, पण त्यात झिरपण्याचे मापही मिसळलेले असते. पाण्यात सहज विरघळणारे द्रव्य आगरात लांब पसरते. तेलकट द्रव्य कितीही जहाल असले तरी खड्ड्याच्या काठाशीच अडून बसते. म्हणून दोन वनस्पतींच्या वलयांची मिलिमीटरमध्ये तुलना करून 'ही श्रेष्ठ, ती कनिष्ठ' असे म्हणणे चुकीचे आहे, आणि दुर्दैवाने विद्यार्थ्यांच्या पुष्कळ प्रबंधांचा निष्कर्ष तेवढाच असतो. खरे माप म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारे किमान प्रमाण. त्यासाठी अर्क निम्म्या-निम्म्याने पातळ करत जातात आणि कोणत्या नळीपर्यंत वाढ थांबते ते पाहतात. कच्च्या अर्काला एका मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रमाण लागत असेल, तर त्याला जंतुरोधक म्हणताना हात आखडता घ्यावा, असे या क्षेत्रातील जाणते सांगतात. प्रतिजैविके याच कामासाठी बऱ्याचदा एका मायक्रोग्रॅमच्या आसपास पुरतात, म्हणजे हजारपट कमी.

दुसरे असे, की स्टॅफिलोकोकस हा ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू आहे. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना, म्हणजे ई. कोलाय किंवा स्यूडोमोनास यांना, बाहेरून एक जादा पटल असते आणि वनस्पतींची बरीचशी द्रव्ये त्या पटलापाशीच अडतात. शेतातल्या शेणामातीच्या जखमेत हे दोन्ही प्रकारचे जंतू असू शकतात.

आणि तिसरे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. धनुर्वाताचा जंतू हवेत वाढतच नाही. तो मातीत आणि शेणात बीजाणूच्या रूपाने पडून असतो आणि खोल, बंद, प्राणवायू न पोचणाऱ्या घावात जागा होतो. पुतणीची डिश हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी होती. त्या डिशने धनुर्वाताबद्दल हो किंवा नाही असे काहीच सांगितलेले नाही. तो प्रश्न तिला विचारलाच गेला नव्हता.

निंबोणी

ताई, तुमचे म्हणणे समजले, पण इतके साशंक होण्याचे कारण मला पटत नाही. हळदीचेच पाहा. अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघांना १९९५ साली जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले होते. आपल्या सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. कडुनिंबाच्या बुरशीनाशक वापराचे युरोपातले पेटंटही २००० साली रद्द झाले आणि २००५ मध्ये तो निर्णय कायम राहिला. आपल्या आजीला जे ठाऊक होते ते साऱ्या जगाला मान्य करावे लागले. मग पुन्हा पुन्हा पुरावा कशासाठी मागायचा?

शिरपूरचा औषधनिर्माता

निंबोणीताई, त्या लढ्याचा मलाही अभिमान आहे, परंतु त्यातून काय सिद्ध झाले हे नीट पाहावे लागेल. पेटंट मिळण्यासाठी गोष्ट नवी असावी लागते. सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला लेख असे पुरावे मांडून दाखवले, की ही गोष्ट नवी नाही. हळदीने जखम किती भरते, कोणत्या जखमेत भरते आणि किती मात्रेने भरते, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता. मालकी कोणाची, हे तिथे ठरले. परिणाम किती, हे रुग्णावर तपासूनच ठरते.

हळदीतले कर्क्युमिन हे तर सावधगिरीचे उत्तम उदाहरण आहे. डिशमध्ये आणि परीक्षानळीत ते जवळजवळ प्रत्येक कसोटीला उतरते. पण ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून फार थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते ते यकृत लगेच बदलून टाकते. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातले पायपरीन वीस मिलिग्रॅम दिले, तेव्हा रक्तातले त्याचे प्रमाण वीसपट झाले, हे सर्वत्र सांगितले जाते. मात्र मुळात ते प्रमाण इतके अल्प होते की वीसपटीनंतरही ते फारसे मोठे नव्हते, हे सांगितले जात नाही. शिवाय कर्क्युमिन स्वतः रंगीत आहे, प्रकाशही टाकते आणि प्रथिनांना कुठेही चिकटते, त्यामुळे अनेक चाचण्या त्याच्यामुळे फसतात. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकातील विस्तृत आढाव्याने ही बाब परखडपणे मांडली.

झाडापासून औषध निघतच नाही, असे कोणी समजू नये. अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्याच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन तयार झाले, आणि त्यापासून अँब्रोक्सॉल. खोकल्याच्या ज्या बाटल्या मी रोज विकतो, त्यांतल्या अनेकांचे मूळ आपल्या कुंपणावरच्या अडुळशात आहे. पण त्या वाटेवर शुद्धीकरण, मात्रा, विषारीपणाची तपासणी आणि रुग्णांवरील चाचण्या असे सगळे टप्पे पार करावे लागले.

अक्राणीची लेक

मी धडगावची, पावरा समाजातली. आमच्या आजीकडे आजही आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसे औषधाला येतात. इथली चर्चा वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली. 'झाडपाला' हा शब्द तुम्ही सगळे असा वापरता, जणू कोणताही पाला तोडला, चुरगळला आणि लावला की झाले. आजी तसे करत नाही. ती जखम आधी उकळून गार केलेल्या पाण्याने धुते. पाला कोणत्या जागेवरचा घ्यायचा, किती कोवळा घ्यायचा, हे तिचे ठरलेले आहे. गुरांच्या वाटेवरचा ती घेत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणत्या जखमेला हात लावायचा नाही, हेही तिला माहीत आहे. काटा खोल मोडला असेल, कुत्रे चावले असेल किंवा पोटाला मार असेल, तर ती माणसाला मोलगी किंवा धडगावच्या दवाखान्यात पाठवते. बिब्ब्याला तर ती घरात कोणाला हात लावू देत नाही, कारण त्याच्या तेलाने कातडी भाजून निघालेली माणसे तिने पाहिली आहेत.

नावांचा घोळ ही दुसरी गोष्ट. गुरुजी ज्याला कंबरमोडी म्हणतात, त्याला आमच्याकडे वेगळे नाव आहे, आणि त्याच जखमेसाठी आजी जे वापरते ते झाड निराळेच आहे. पुनर्नवा म्हणून बाजारात दोन वेगवेगळ्या जातींच्या वनस्पती विकल्या जातात, हे तर वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. अशा वेळी 'अमुक पाला गुणकारी' या वाक्याला काय अर्थ उरतो?

आणि एक मनातली खंत. सातपुड्यात येऊन आमच्या माणसांना विचारून झाडे नेणारे पुष्कळ आहेत. पुढे प्रबंध छापला जातो आणि त्यात 'स्थानिक लोकांकडून माहिती मिळाली' एवढी एक ओळ असते. कोणाकडून, कोणत्या गावात, त्यांच्या संमतीने की संमतीशिवाय, याचा पत्ता नसतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यात गावोगावी लोकांची नोंदवही करण्याची तरतूद आहे. ती नोंदवही प्रामाणिकपणे भरली तर आमच्या आजीसारख्यांचे ज्ञान त्यांच्या नावावर राहील.

सूक्ष्मदर्शी

अक्राणीची लेक, तुमचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे. ओळख पटवण्याबद्दल तुम्ही जे लिहिले ते अगदी खरे आहे. फुलासह दाबून वाळवलेला नमुना, गोळा केल्याची तारीख आणि जागा, आणि पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण केंद्रासारख्या ठिकाणाहून किंवा महाविद्यालयातील वर्गीकरणतज्ज्ञाकडून झालेली खात्री, एवढे नसेल तर पुढचा सारा प्रयोग निराधार ठरतो.

अमळनेरचा वैद्य

मी आयुर्वेदाचा पदवीधर असून बावीस वर्षे चिकित्सा करतो. दोन मुद्दे मांडतो.

पहिला कंबरमोडीबद्दल. ही वनस्पती मूळची मध्य अमेरिकेतली आहे आणि अलीकडच्या शतकांत आपल्याकडे येऊन रुजली. म्हणजे आमच्या प्राचीन संहितांत ती असण्याचा प्रश्नच नाही. तरीही बांधावर काम करणाऱ्या बायाबापड्यांनी तिचा रक्त थांबवण्याचा गुण ओळखला आणि तो गावोगाव पोचवला. परंपरा म्हणजे केवळ जुने पाठ करणे, असे समजणाऱ्यांनी याचा विचार करावा. लोक सतत पारखत असतात. रक्त थांबणे हा तिचा गुण मला स्वतःलाही अनेकदा दिसला आहे, आणि जखम भरण्याबाबत उंदरांवरील प्रयोगांतही उत्साह वाढवणारे निष्कर्ष आले आहेत. मात्र वहिनींनी रक्त थांबणे आणि जखम निर्जंतुक होणे या दोन गोष्टी एक मानल्या, आणि माझ्या मते त्यांचे चुकले असेल तर तेवढेच.

दुसरा मुद्दा संशोधकांसाठी आहे. आम्ही काढा करतो तो पाण्यात, घृत सिद्ध करतो ते तुपात, तेल सिद्ध करतो ते तेलात. आणि प्रयोगशाळेत बहुतेक वेळा पाने मिथेनॉलमध्ये भिजवतात. मिथेनॉल हे विष आहे. ते कोणत्याही रुग्णाला कोणी देत नाही. मग त्या अर्कात गुण दिसला म्हणून आमचा काढा खरा ठरत नाही, तसाच गुण दिसला नाही म्हणून तो खोटाही ठरत नाही. मात्रा, काळ आणि अनुपान, म्हणजे औषध कशासोबत घ्यायचे ते, वगळून द्रव्याची परीक्षा अपुरी आहे.

शिरपूरचा औषधनिर्माता

वैद्यराज, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला चीनमधून भक्कम आधार आहे. तिथल्या शास्त्रज्ञ थू यूयू यांच्या गटाला मलेरियावरच्या एका वनौषधीचा अर्क कधी लागू पडताना दिसे, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात ती वनस्पती गार पाण्यात भिजवून पिळून रस घ्यावा असे लिहिलेले त्यांच्या ध्यानात आले, आणि उष्णतेने द्रव्य नष्ट होत असावे असे त्यांनी ताडले. कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला, तेव्हा परिणाम ठामपणे दिसला. तेच आर्टेमिसिनिन, ज्याबद्दल त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले. म्हणजे ग्रंथातली कृती नीट वाचल्याने वाट सापडली, आणि रुग्णांवर तपासल्यानेच ती वाट औषधापर्यंत पोचली.

वरणगावकर

चर्चा उत्तम चालली आहे, पण गुरुजींनी अँटिऑक्सिडंटबद्दलही विचारले होते. हल्ली प्रत्येक चूर्णाच्या डब्यावर हा शब्द असतो. माझी आई मधुमेही आहे आणि तिच्यासाठी नातेवाईक असे डबे आणून देतात. कोणी साध्या शब्दांत सांगेल का?

यावलची सून

मी शास्त्रज्ञ नाही, पण गृहविज्ञान शिकले आहे, म्हणून स्वयंपाकघरातून सांगते.

आपले जळगावी भरताचे हिरवे वांगे घ्या, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते चिरून ठेवले की काही मिनिटांत फोडी तपकिरी पडतात. वांग्यात क्लोरोजेनिक आम्ल नावाचे द्रव्य भरपूर असते. सुरीने पेशी फुटल्या की वांग्यातलेच एक विकर, म्हणजे एन्झाइम, हवेतल्या प्राणवायूच्या साहाय्याने त्या द्रव्याचे ऑक्सिडीकरण करते आणि त्यातून तपकिरी रंग तयार होतो. आता निम्म्या फोडींवर लिंबू पिळा. त्या बराच वेळ पांढऱ्या राहतात, कारण लिंबाच्या आंबटपणामुळे ते विकर मंदावते आणि त्यातले क जीवनसत्त्व स्वतः ऑक्सिडीकृत होऊन फोडींना वाचवते. स्वतः जळून दुसऱ्याला वाचवणारे ते अँटिऑक्सिडंट, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. गंमत म्हणजे काळे पडणारे ते क्लोरोजेनिक आम्ल हेसुद्धा अँटिऑक्सिडंटच आहे. ते इतक्या सहज ऑक्सिडीकृत होते, यातच त्याचा गुण आहे. कापलेल्या केळ्याचेही असेच होते, आणि केळीच्या सालीत तर डोपामिन हे अतिशय प्रभावी अँटिऑक्सिडंट आढळते.

लसणाचेही सांगून ठेवते. अखंड पाकळीत ॲलिसिन हे त्याचे जंतुरोधक द्रव्य नसतेच. पाकळी ठेचली की तिच्यातले विकर आणि द्रव्य एकत्र येऊन ते तयार होते. १९४४ साली ते वेगळे काढले गेले आणि त्याचा जंतुरोधक गुण तेव्हाच नोंदला गेला. म्हणून ठेचलेला लसूण आठ-दहा मिनिटे तसाच ठेवून मग फोडणीत टाकावा. भरतात आम्ही कच्चा लसूण ठेचून घालतो, ते केवळ चवीसाठी, तरीही मला ते समाधानाचे वाटते.

सूक्ष्मदर्शी

यावलच्या सूनबाईंचे उदाहरण इतके नेमके आहे, की मी फक्त प्रयोगशाळेची बाजू जोडते. आमच्याकडे डीपीपीएच नावाचे गडद जांभळे द्रावण असते. ही पद्धत १९५८ पासून प्रचलित आहे. वनस्पतीचा अर्क घातला की जांभळा रंग उतरून पिवळा होतो, आणि ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात किती रंग उतरला ते मोजतात. सोबत क जीवनसत्त्वाशी तुलना करतात. स्वस्त, सुंदर आणि विद्यार्थ्यांना आवडणारी चाचणी आहे. पण डीपीपीएच हे आपल्या शरीरात कुठेही नसते. चहाची पूड, आवळा, डाळिंबाची साल, बाभळीची साल, ज्यात टॅनिन हे तुरट द्रव्य आहे ते सगळे या चाचणीत उत्तम गुण मिळवते. त्यातले किती आतड्यातून रक्तात जाते आणि तिथे काय करते, हे हा रंग सांगू शकत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या अशा अँटिऑक्सिडंट मूल्यांची यादी प्रसिद्ध केली होती; जाहिरातींत तिचा गैरवापर होऊ लागला आणि त्या आकड्यांचा आरोग्याशी संबंध दाखवता येत नव्हता, म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ती मागे घेतली.

वरणगावकर, तुमच्या आईंसाठी हे आवर्जून सांगते, की अधिक म्हणजे अधिक चांगले, असा नियम इथे नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट गोळीच्या रूपात घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. तो निष्कर्ष १९९४ साली आला. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी ऑक्सिडीकारक द्रव्येच वापरतात, हेही विसरू नये. भाजी, फळे, आवळा जरूर खावेत. चूर्णाचा डबा मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मधुमेहाच्या गोळ्यांसोबत सुरू करू नये, कारण काही वनौषधींनी साखर आणखी खाली जाऊ शकते.

धरणगावची माहेरवाशीण

करोनाच्या काळात आमच्याकडे गुळवेलीचा काढा रोज सकाळी सगळ्यांना सक्तीचा होता. वडिलांनी तो सात-आठ महिने घेतला. नंतर कावीळ झाली. यकृताच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो काढ्याचा. काढा बंद केल्यावर आणि उपचारांनंतर ते बरे झाले. कारण तेच होते असे डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत. पण आम्ही पुन्हा तो प्रयोग केला नाही.

अमळनेरचा वैद्य

ताई, आपले वडील बरे झाले हे ऐकून आनंद वाटला. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, आणि गुळवेलीसारखीच दिसणारी तिची दुसरी जात वापरली गेली असावी, अशी शक्यताही मांडली गेली. तो वाद मला ठाऊक आहे, पण रुग्णासमोर बसल्यावर मी वादाची बाजू घेत नाही. गुळवेल हे औषध आहे, आणि औषध महिनोन्‌महिने, वैद्याला न विचारता, सगळ्या घराने एकाच मापाने पिणे हे आयुर्वेदालाही संमत नाही.

निंबोणी

मी माझे मत थोडे बदलते आहे, हे सांगायला संकोच वाटत नाही. आमच्याकडे 'निंबना पाला' अंघोळीच्या पाण्यात घालणे ही रोजची गोष्ट, त्यात मला आजही वावगे वाटत नाही. परंतु शेजारी एका तान्ह्या बाळाला जंतांसाठी निंबोळीचे तेल पाजले गेल्याचे मला आठवले. ते बाळ अत्यवस्थ झाले होते. तेव्हा आम्ही त्याला दृष्ट समजलो.

शिरपूरचा औषधनिर्माता

निंबोणीताई, निंबोळीचे तेल तान्ह्या मुलांना पोटातून देऊ नये. त्याने रक्तातील आम्ल वाढून झटके येऊ शकतात, आणि अशा मुलांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आपण हे लिहिलेत, हे फार चांगले झाले.

आता उलट बाजूची काळजीही मांडतो. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट झाले, असा अंदाज आहे. २०१४ पासून आपल्याकडे अनेक प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि त्यांची वेगळी नोंद ठेवावी, असा नियम आहे. तरीही लोक 'तापाच्या दोन गोळ्या द्या' म्हणून काउंटरवर येतात. म्हणून वनस्पतींचे संशोधन मला निरर्थक वाटत नाही, उलट अत्यंत निकडीचे वाटते. दारुहळदीच्या कुळातल्या झाडांत बर्बेरिन असते. ते जंतूत शिरते, पण स्टॅफिलोकोकस ते पंपासारख्या प्रथिनाने बाहेर फेकून देतो. २००० साली संशोधकांनी दाखवले, की त्याच झाडांत दुसरे एक द्रव्य आहे, जे स्वतः जंतू मारत नाही, परंतु तो पंप बंद करते. एकच झाड शस्त्रही बाळगते आणि ढालही फोडते. अर्कातून एकेक द्रव्य सुटे काढताना गुण कुठे हरवतो, हे यातून समजते. वैद्यराजांचा आग्रह इथे रसायनशास्त्राला जाऊन भेटतो.

गुरुजींची पुतणी

काकांनी धागा दाखवला, म्हणून सदस्य झाले. ज्या वलयावरून हे सगळे सुरू झाले, त्याबद्दल मीच सांगायला हवे.

तो अर्क सावलीत वाळवलेल्या पानांचा होता, मिथेनॉलमध्ये काढलेला, आणि एका मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅम इतका दाट होता. नुसत्या द्रावकाच्या खड्ड्याभोवती वलय नव्हते, त्यामुळे गुण अर्काचाच होता, एवढे खरे. शेजारच्या जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या चकतीचे वलय पुष्कळ मोठे होते; काकांना दाखवलेल्या छायाचित्रात ते कापले गेले होते. आणि पाण्यात काढलेल्या अर्काभोवती वलय अजिबात आले नव्हते. काकूने घावावर पिळलेला रस पाण्याच्या अर्काला अधिक जवळचा होता. हे मी दिवाळीत सांगितले नाही, कारण चांगले दिसेल ते छायाचित्र दाखवण्याची घाई होती. काकूला मी फोन करून सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे आधी धुवायचे होते."

किमान प्रमाणाची चाचणी या सत्रात करणार आहे.

चोपड्याचे गुरुजी

सर्वांचा मनापासून ऋणी आहे. वहिनींना मी सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. आता आमच्या खळ्यावर साबण, स्वच्छ पाण्याची कळशी आणि निर्जंतुक कापसाचा डबा ठेवला आहे, आणि घरातल्या प्रत्येकाच्या धनुर्वाताच्या लसीची तारीख कॅलेंडरमागे लिहिली आहे. कंबरमोडी बांधावर आहे तिथेच आहे. साध्या खरचटण्यावर, धुतल्यानंतर, वहिनी ती लावतील आणि मी त्यांना अडवणार नाही.

अक्राणीची लेक, एक विनंती आहे. आपल्या आजी जखमेसाठी जे निराळे झाड वापरतात, ते पुतणीला तिच्या प्रकल्पात तपासायचे आहे. आजींची परवानगी असेल तरच, त्यांचे आणि गावाचे नाव पहिल्या पानावर घालून, आणि निष्कर्ष जो येईल तो आधी त्यांना सांगून. आम्ही दोघे धडगावला येऊ शकतो. पुढच्या रविवारी चालेल का?

अक्राणीची लेक

गुरुजी, आजीला विचारले. तिची हरकत नाही, पण रविवारी येऊ नका. पाऊस पडून त्या झाडाला फुले आली की ती निरोप देणार आहे. नुसते पान दाखवून ती कोणालाच झाड सांगत नाही.